बाबा झोपलेत, कृपया थांबा

...आणि वर ती बासरी! नाही, तुम्हीच सांगा, माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना त्याला बासरी ऐकवायची? बरं, ती वाजता वाजता मध्येच थांबणार, आपण 'हॅलो' म्हणायला तोंड उघडणार, की लगेच एक बाई, लोण्यात बुडवून काढल्यासारखा आवाज, 'आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कृपया थांबा.' की पुन्हा बासरी! अहो बाई, एवढा महत्त्वाचा आहे तर उचला ना!

तुम्हाला सांगतो, मी सोफ्यांना कापड चढवणारा माणूस. पुढच्या खोलीत लोकांचे सोफे आणि मागच्या खोलीत आम्ही तिघं. मी, आमची ही, आणि आमची पिटुकली, वय वर्षं सात. पोरगी पहिल्यापासून स्वप्नाळू हो! रस्त्यावरचे दिवे लागले की म्हणायची, 'बाबा, दिव्यांना पिसं फुटली.' झाड काढायला सांगा, हिरवा ढग काढणार. मी बाहेरून आलो की विचारायची, 'धुक्यातून आलात का?' धुकं कुठलं, भर दुपारचं ऊन! पण मला कोण अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला धरून सांगायचो, आमची पोरगी कवी होणार. ही म्हणायची, 'अहो, कवीबिवी काही नाही, ती दाराला धडकते.' मी म्हणायचो, 'कवी धडकायचेच!'

मग शाळेत डोळे तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. मला बोलावलं. 'दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.' मी म्हटलं, 'बाई, काहीतरी गफलत होतेय, मोतीबिंदू माझ्या आईला होता, ही सात वर्षांची आहे.' त्या म्हणाल्या, 'लहान मुलांनाही होतो. ऑपरेशन लवकर करा. डोळ्याचं बघायला शिकायचं एक वय असतं, ते टळलं की मग डोळा उघडून दिला तरी तो शिकत नाही.' घरी येताना पिटुकली माझं बोट धरून वर बघत म्हणाली, 'बाबा, तुमच्या डोक्यालापण पिसं फुटलीत.' मी हसलो नाही. तिच्या कवितेला पहिल्यांदाच हसलो नाही.

आता आमच्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांच्या पोरांसाठी सरकारी आरोग्य विमा असतो, तिचं कार्डही होतं. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या माणसानं ते उलटंपालटं केलं, 'मुदत संपलीय. फोन करा, चालू करून देतील.' मी म्हटलं, 'बस, एवढंच?' तो म्हणाला, 'एवढंच.' आणि असा काही हसला... तेव्हा कळलं नाही हो मला ते हसणं!

केला फोन. 'आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कृपया थांबा.' थांबलो! स्पीकर चालू करून फोन सोफ्याच्या हातावर ठेवला आणि खिळे ठोकत बसलो. दुकान बंद करायची वेळ झाली, बासरी चालूच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी फोन लागला आणि कटला, मी खिळा सोडून अंगठा ठोकला. आणि ती बासरी, काय सांगू, अशी गोड, अशी गुंगवणारी... एक गिऱ्हाईक भांडायला आलं, 'माझा सोफा कधी देणार?' म्हटलं, 'बसा.' बसलं. तोंड उघडलं, ते आधी भांडायला आणि मग घोरायला! टपालवाला पत्र द्यायला आला, टेकला, गेला कामातून. शेजारचं मांजर तर रोज वेळेवर हजर! उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगतायत, सगळे सोफ्यांवर आडवे, आणि मधून मधून ती बाई, 'फार महत्त्वाचा आहे...'

अशाच एका दुपारी माझाही डोळा लागला. आणि बघतो तो काय, खोलीत पाणी! संथ, दुधासारखं. सोफे होड्यांसारखे निघालेत, मी हातोडीनं वल्हवतोय, पुढच्या सोफ्यावर पिटुकली पाठमोरी, आणि काठावर ती लोण्याची बाई हात हलवतेय, कृपया थांबा, कृपया थांबा. मी ओरडतोय, 'अहो, मी थांबतो, पोरगी थांबत नाही, पुढे चाललीय ती!' तोंडातून आवाजच फुटेना... आणि पाण्यापलीकडून पिटुकलीचा आवाज.

'बाबा झोपलेत.'

'बाळ, उठव त्यांना,' दुसरीच बाई, घसा बसलेली, खोकणारी. खरीखुरी!

'नको, दमलेत. काम माझंच आहे. माझे डोळे दुरुस्त करायचेत, कार्ड शिळं झालंय.'

'बाबा काय करतात?'

'सोफे नवे करतात.'

'आणि आई?'

'बाबांना उठवते.'

'महिन्याची कमाई किती, माहितीय का?'

'ते विचारलं की आई हसते.'

'बाळ, मोठ्या माणसाशी बोलावंच लागेल गं.'

'बरं. आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कृपया थांबा.' आणि कार्टी फोनमध्ये तोंडानं बासरी वाजवायला लागली!

मी उडालो! गिऱ्हाइकाच्या पोटावर पाय देऊन, मांजराची शेपटी चुकवून फोन गाठला, बाईनं ठेवला असणार, नक्की ठेवला असणार! 'हॅलो?' तर पलीकडे खोकत खोकत हसणं. थांबली होती हो बाई! सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, म्हणाली, 'झालं. आजपासून कार्ड चालू. न्या तिला.' एवढंच! मी आभार मानतोय, मानतोय, तर म्हणते, 'ठेवा आता, मागे रांग आहे.'

ऑपरेशनच्या दिवशी मात्र पिटुकली आत गेली आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर. हिनं माझा हात धरलेला. कधी धरत नाही! एकेक करून दोन्ही डोळे झाले. छान झाले. पट्टी काढली, चष्मा लावला, ती माझ्याकडे बघत राहिली. बघतच राहिली. मग बोट माझ्या कपाळावरून फिरवत म्हणाली, 'बाबा, एवढ्या रेघा कुणी मारल्या?' आमची ही म्हणाली, 'थोड्या मी मारल्यात,' आणि रडायला लागली.

आता बरं चाललंय म्हणता? अहो, काल एक सोफा पुरा केला, लांब उभा राहून बघतोय, वा! तर पिटुकली आली, चष्मा सारखा केला, कमरेवर हात. 'बाबा, ही शिवण वाकडी गेलीय.' गिऱ्हाइकासमोर! आतून ही ओरडते, 'मी कालच सांगत होते!'

सरकारनं डोळे करून दिले, पैसुद्धा घेतली नाही, देवमाणसं... पण नजर हो, नजर आईवर गेलीय! काय करता? बसलो उसवत.