कापसाच्या ढिगावरचं फिजिक्स

तुम्हाला सांगते, पुण्याहून शिकून आले आणि बाभुळगावात सीईटीचे वर्ग सुरू केले, तेव्हा मला वाटलं होतं की इथले पालक मार्कांसाठी मुलांच्या हात धुऊन मागे लागत असतील. म्हणून पहिल्याच पालकसभेत मी कळकळीनं म्हणाले, "मुलांवर दडपण आणू नका."

पूजाचे वडील देवरावभाऊ उठले. "ताई, दडपण तं पोरगीच आमच्यावर आणून राह्यली. तुमीच सांगतलं ना, शिकलेलं घरच्यांले समजावून सांगा म्हणून?"

सांगितलं होतं खरं.

"औंदा भाव नाही, कापूस घरातच पडून हाय. त्या ढिगावर आमा दोघा नवरा-बायकोले बसवते अन् फिजिक्स शिकवते. ढीग मऊ, माहा डोळा लागते. मंग उठवून प्रश्न इचारते. मले शून्य, अन् हिले सात."

शेजारी पूजाची आई तोंडाला पदर लावून हसत होती.

"मग बंद करायला सांगू का तिला?"

"कायले? पोरीचे मार्क वाढून राह्यले. इंजिनिअरिंगले लागली पायजे ते. फक्त हिले दूर बसवाले सांगा. पोरगी हिले डोळ्यानं उत्तर सांगते."

"जागे राहा, तुमालेही दिसन," पूजाची आई म्हणाली.

उरलेली सभा हसण्यातच संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून टाकलं: रविवारची सराव परीक्षा मुलांबरोबर पालकांनीही द्यायची, आणि नवरा-बायकोचे बाक लांब लांब लावायचे.