गच्च भरलेला पेनड्राइव्ह

दुरुस्तीवाला: फॉरमॅट झाला म्हणजे सगळं गेलं असं नसतं, ताई. बरंचसं निघतं. फक्त नंतर त्यात दुसरं काही टाकलेलं नसावं.

बायको: नाही टाकलं. ह्यांच्याकडून परवा चुकून फॉरमॅट झाला, तेव्हापासून कपाटातच आहे. हो ना?

नवरा: ऑफिसातल्या कॉम्प्युटरने विचारलं, फॉरमॅट करू का? मी म्हटलं, कर. मला काय ठाऊक आत हिची चित्रं आहेत.

दुरुस्तीवाला: कसली चित्रं?

बायको: लहान मुलांच्या पुस्तकांची. आजवरचं माझं सगळं काम. उद्या सकाळी मुलाखतीत दाखवायचंय.

नवरा: तीही परगावी. मी नाही म्हटलंय का? हौस आहे, तर जाऊन ये.

बायको: नोकरी आहे ती.

नवरा: बरं, नोकरी. तुम्ही जोडून बघा हो. मी एक फोन करून आलोच.

(नवरा बाहेर जातो.)

दुरुस्तीवाला: ताई, लग्नाचा व्हिडिओ तुम्ही टाकलात यात?

बायको: कुणाच्या लग्नाचा?

दुरुस्तीवाला: हा बघा. हे साहेबच आहेत ना? एकच व्हिडिओ, पुन्हा पुन्हा. ड्राइव्ह गच्च भरेपर्यंत. शेवटचा मावला नाही, अर्धवट राहिलाय.

बायको: चुकून पडले असतील.

दुरुस्तीवाला: एखादा पडतो चुकून. इतके बसून टाकावे लागतात.

बायको: आणि चित्रं?

दुरुस्तीवाला: त्यांच्याच जागेवर बसलंय हे. एका चित्राचा वरचा पट्टा तेवढा निघतोय. निळं आहे काहीतरी. आभाळ असेल.

बायको: हत्ती आहे. हत्तीची पाठ.

(नवरा परत येतो.)

नवरा: झालं का काम?

बायको: आपल्या लग्नाचा व्हिडिओ का भरलात यात?

नवरा: रिकामा पडला होता, म्हणून टाकला. लग्नाची आठवण ठेवली तर चुकलं का माझं?

बायको: लॅपटॉप विकलात तेव्हा मी सांगितलं होतं, आता सगळं फक्त यावर आहे.

नवरा: सांगितलं होतंस. लक्षात आहे माझ्या.

दुरुस्तीवाला: ताई, तो पट्टा देऊ का काढून?

बायको: द्या.

दुरुस्तीवाला: कशावर देऊ पण? यात तसूभर जागा नाही. एक व्हिडिओ पुसावा लागेल.

बायको: पुसा.

नवरा: थांबा हो. शुभकार्याचं आहे ते, पुसायचं नाही. आणि एवढ्याशा तुकड्यावर कोण नोकरी देतंय हिला? आणा तो ड्राइव्ह इकडे.

दुरुस्तीवाला: ताई, काय करू?

बायको: द्या त्यांना.

नवरा: चल. तोंड किती उतरलंय बघ तुझं. उद्या गजर लावू नकोस, निवांत झोप.