कोरडं बोर अन् सोनीची ऊब

मी सेनगावकडल्या तांड्यावरची, काय सांगू तुमाला, आमच्या वाडवडलांनी बैलं हाकली अन् आमी बोरच्या गाडीमागं फिरलो. सोनीचा बाप गाडीवर कामाला, मी गाडीवरल्या माणसांचा सैपाक करायची. सोनी तवा अंगावर पीत होती.

त्या साली मालकानं पार वर, हिमाचलात काम धरलं. अगं माय, ती थंडी! घागरीतलं पाणी दगड होऊन बसायचं. सोनीची छाती भरली. शेगडी पेटवली की धुरानं खोकून खोकून निळी व्हायची, इझवली की गार पडायची. डॉक्टर म्हणला औषध देतो, पण धूर बंद करा अन् लेकराला उबीत ठेवा. आता तुमीच सांगा, बिनधुराची ऊब आणू कुठून?

काम होतं एका एकट्या म्हातारीच्या घरी, सगळे तिला माताजी म्हणायचे. सोनीच्या बापाचा नेम असा, की बोर धरताना नारळ फोडला की पाणी लागेस्तोर अन्नाला शिवायचं न्हाई. तिथं दिवसभर खडक फोडला, नुसती भुकटी. सांज झाली, हा आपला तोंड पाडून बसलेला. मीच गेले माताजीकडं, मोडक्या हिंदीत म्हणलं, माफ करा माय, बोर कोरडं गेलं. तर म्हातारी हसायलाच लागली. म्हणली अगं येडे, पाणी कुणाला पायजे, मला ऊब पायजे! अन् सोताच्या हातानं त्याला रोटी वाढली.

मंग तिनं समजावलं. हिवाळ्यात तुमच्या हिरीचं पाणी कोमट लागतं का न्हाई, तसं खोल जमिनीत थंडी पोचत न्हाई. पाइप खाली नेऊन वळवून वर आणायचा, त्यात पाणी फिरतं ठेवायचं, ते खालची ऊब घेऊन येतं. फ्रिज कसा आतली ऊब काढून मागं टाकतो, तसं मशीन त्या पाण्यातली ऊब काढतं, वाढवतं अन् फरशीखालच्या पाइपात सोडतं. लाईट लागते त्याला, धूर न्हाई. मला सारं न्हाई कळलं, धूर न्हाई एवढं बराबर कळलं.

मशीन सुरू झालं त्या दिशी माताजीनंच सोनीला उचललं अन् कोमट झालेल्या फरशीवर गोधडी टाकून निजवलं. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले. दोन-चार दिसांत घरघर उतरली, लेकरू पोटभर प्यालं, शांत झोपलं, अन् मी येड्यावानी रडले. गाडीचं काम सरलं तशी माताजी सोनीच्या बापाला म्हणली, तू जा, ह्या दोघी थंडी सरेस्तोर माझ्यापाशी. काहून ठेवलं सांगा, ना नातं ना गोतं!

उन्हाळ्याच्या तोंडाला हा न्यायला आला. सोनी फरशीवर रांगून राहिली होती, गाल हे एवढे. दारातच थबकला, म्हणला हे लेकरू कुणाचं? म्हणलं तुमचंच हाय, घ्या की.

आता सोनी साळंत जाती. मागल्या साली तिकडून फोन आला, माताजी गेल्या. त्या दिशी मी चूल पेटवली न्हाई. तांड्यावरल्या बाया इचारायला लागल्या, अगं, ती तुझी कोण लागती? म्हणलं, सोनीची आजी. जिथं असशील तिथं सुखी ऱ्हा गं माय.