पीओपीत गडप झालेली कडी

तुम्ही त्या पीओपीच्या सीलिंगचं एवढं कौतुक करताय म्हणून सांगते. आमच्या आर्णीच्या घरी पणतीचं बारसं होतं, बाया जमल्या, अन् पाळणा टांगायला कडीच नाही! घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी मी स्वतः उभी राहून ती कडी बसवून घेतली होती. घरातली सगळी लेकरं तिच्यावरच झुलली. मी आठ दिवस उमरखेडला काय गेले, लेकानं हॉलभर सीलिंग मारून घेतलं.

"काहून रे, कडी दिसली नाही तुले?"

"माय, स्टँडवाला पाळणा आणतो ना!"

"तू स्टँडवर झुलला होता का?"

कारागिराला बोलावलं. तो म्हणे, "आजी, कडी नेमकी कुठं हाय कोणाले मालूम? सारं सीलिंग फोडा लागन."

मी दारापासून सहा पावलं मोजली, भिंतीपासून चार. टेबलावर चढून मुसळाचा एकच ठोसा दिला. चुरा माझ्या डोक्यावर, कडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

कारागीर ओशाळून म्हणाला, "बारसं झालं का भोक बुजवून देतो, आजी."

"हात तं लावून पाह्य! उद्या हिची बहीण आली, तं तिचा पाळणा काय तुह्या गळ्यात बांधू?"