टिकलीच्या पिल्लाचा हात

परीक्षित : सही तूच केलीस ना, स्वानंदी?

स्वानंदी : तू म्हणालास, ‘ग्रीन कार्डचे फॉर्म्स आहेत, आजच पोस्टात टाकायचेत.’ मी थीसिसमध्ये बुडालेली. नवऱ्यानं आणलेले कागद कोण वाचत बसतं?

परीक्षित : या जूनमध्ये युगांडातलं चिंपांझींचं फील्डवर्क कॅन्सल, असं तूच सांगितलंस.

स्वानंदी : हो. सहा वर्षांत पहिल्यांदाच. घेतला पायावर धोंडा मारून.

परीक्षित : लॉयरला परत विचारलं. ट्रॅव्हल परमिटला पाच महिने. त्याआधी अमेरिकेबाहेर गेलीस तर तुझा अर्ज बाद, आणि स्टुडंट व्हिसावर परत आत घेतील याची गॅरंटी नाही.

स्वानंदी : पाच महिने? हा तिथल्या आमच्या ट्रॅकरनं, मोझेसनं पाठवलेला फोटो बघ. रानडुकरांसाठी लावलेला तारेचा फास. टिकलीच्या पिल्लाच्या पार मनगटात रुतलाय. आठवड्याभरात काढला नाही तर पिल्लाचा हात जाणार.

परीक्षित : अरे बाप रे! पण तिथं डॉक्टर आहे ना?

स्वानंदी : आहे. पण आधी टिकलीला, त्याच्या आईला, भुलीचं इंजेक्शन मारायला हवं. परका माणूस दिसला की ती पिल्लाला घेऊन झाडावर. भूल चढून वरून पडली तर दोघंही जातील.

परीक्षित : आणि मोझेस?

स्वानंदी : तो दुसऱ्या टोळीच्या मागे असतो. टिकली जमिनीवर बसून राहते ती फक्त मी असले तर.

परीक्षित : मग केळी ठेवा ना तिच्यापुढं!

स्वानंदी : चिंपांझींना खायला घालायचं नाही, हा आमचा पहिला नियम. दोन वर्षं मी नुसती लांब बसून राहायचे रे, तिच्याकडे न बघता. तेव्हा कुठं तिनं मला चालवून घेतलं.

परीक्षित : आणि तू तिकडेच अडकलीस तर? डिग्री, घर... मी?

स्वानंदी : मला कळत नाही का ते? सकाळपासून चारदा फ्लाइट शोधली आणि चारदा बंद केली.

(परीक्षित फ्लाइटचं पान उघडून फोन तिच्यापुढं ठेवतो.)

परीक्षित : जा तू.

स्वानंदी : काय?

परीक्षित : जा म्हणतोय. फॉर्म्सची घाई मी केली. पुढचं निस्तरू आपण. मी नाही अडवणार.

स्वानंदी : असं नको ना करूस, यार.

परीक्षित : अगं, हेच हवं होतं ना तुला?

स्वानंदी : तू अडवलं असतंस, तर न जाण्याचा दोष तुला तरी देता आला असता.