जायफळाचे वेढे

हॅलो? …हॅलो! अहो, तुम्हीच ना? बरं झालं फोन केलात. दहा मिनिटं मीच तुमच्या ऑफिसला लावतेय, सारखा एंगेज. कोण बोलत असतं हो एवढं तुमच्याकडे?

…नाही, पिल्लाची टोपली नाही काढली.

…अहो, काढायचीच नाही! पिल्लू परत जाणार नाही. आधी ऐका तर!

उठला! टायगर उठला! आत्ता डॉक्टरांकडून आणून खाली ठेवला, तर तुमच्या चपलेपर्यंत चालत गेला. …हो, वाकडातिकडा गेला. पण गेला ना?

…शेपटी? हलवली की. दोनदा. मोजली मी.

…पाचला? येऊ दे शहजादला… नाही, नाही, येऊ देऊ नका! तेच सांगतेय. त्याचा खांदेश्वरचा नंबर तुमच्या डायरीत आहे, माझ्याकडे नाही. आत्ताच्या आत्ता लावा आणि सांगा, दुसरं पिल्लू घेऊन निघू नकोस म्हणावं.

…म्हणू दे. विकताना म्हणालाच होता, आठ दिवसांत बदलून देतो. पण मिक्सर आहे का हो तो, बिघडला की बदलून आणायला?

…हो, कबूल. काल मीच रडत होते. मीच म्हटलं, हा काही राहत नाही आपल्याला. जुलाब, मान टाकलेली, डोळे उघडेनात. पण आज नेला ना आफरीन डॉक्टरांकडे… अहो, त्या जनावरांच्या नवीन डॉक्टर, मार्केटच्या मागे… रिक्षेनं नेला. पदराखाली धरून. रिक्षावाला विचारतो, ताई, किती महिन्यांचं बाळ?

…हो, हो, मलाही तीच भीती होती, पिल्लांचा तो जीवघेणा रोग. नाही, तो नाही. नीट तपासलं त्यांनी. मानेच्या कातडीखाली सलाइन दिलं. ऊं केलं नाही हो त्यानं, नुसता माझा अंगठा चाटत होता.

…मग काय झालं होतं? …अं… सांगते. तुमचे साहेब बसलेत ना समोर? मग बरं. ओरडता यायचं नाही तुम्हाला.

बाळघुटी दिली मी त्याला.

…हो, बाळघुटी. सहाणेवर उगाळून. …हसू नका! अहो, हसू नका हो! बाळाला जुलाब लागले की काय देतात? जायफळ. जागृतीला नव्हतं दिलं? तिचीच सहाण होती कपाटात. ती सासरी गेल्यापासून कोणाला उगाळून द्यायचं होतं मी? तुम्हाला?

…किती? …जागृतीला दोन वेढे उगाळायचे. ह्याला… जुलाब जोरात होते ना… पंधरा.

…दिवसातून तीनदा.

…परत हसताय? साहेब बसलेत ना समोर!

…हो, त्यानंच! मरत नव्हता, झोपला होता! डॉक्टरांनी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाल्या, काकू, ह्याला श्रीखंडाचा वास का येतोय? मग सांगावंच लागलं. खूप बोलल्या मला. कुत्र्यांना जायफळ म्हणजे विष. आणखी एक दिवस दिलं असतं तर… नाही, पुढचं मला बोलवत नाही. फेकलं मी. डबीसकट.

…आता भाताची पेज. चमच्यानं. चाटली त्यानं! नाकाला लागली ती पण चाटली!

…म्हणून सांगतेय ना, दोष माझा. त्याला का पाठवायचं? एकदा परत गेलेलं, आजारी म्हणून… कोण घेणार हो त्याला मग?

…जुलाब? ते कशानं लागले तेच कळत नाही. डॉक्टरांनीही दहादा विचारलं. दूधसुद्धा मी पाणी घालून देत होते. रविवारी दुपारपर्यंत तर छान होता…

…काय? …मोठ्यानं बोला, पुटपुटू नका. रविवारी काय दिलंत?

सुका बोंबील?

…दीड महिन्याच्या पिल्लाला? कुठे? …गॅलरीत! मी देवळात गेले तेवढ्यात! …काय म्हणालात? सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या घरात आलंय, मासळी पचायलाच पाहिजे? अहो, त्याला दात तरी आलेत का धड!

…किती? …‘तीनच’! आणि माझे पंधरा वेढे ऐकून खिदळत होतात?

म्हणजे जुलाब तुमचे, झोप माझी, आणि टोपलीत घालायचं त्याला!

…नाक का ओढताय? …अहो? …रडताय?

…हं. सर्दी. ऑफिसच्या पंख्यानं. बरं, बरं.

…अहो, पण चार वाजून गेले! शहजाद स्कूटर काढेल. नाही, मला आणखी काही सांगू नका, घरी येऊन सांगा. आधी त्याला लावा.

…काय सांगायचं म्हणजे? सांगा, पिल्लू चांगलं आहे, माणसंच बिघडलेली निघाली. …हो, असंच सांगा. आणि बदलून द्यायचीच असतील तर माणसं बदलून दे म्हणावं, आहेत का तुझ्याकडे?

…नसतीलच. मग आम्हीच राहतो म्हणावं टायगरकडे.

…हो, हो, सांगते त्याला, बाबा लवकर येणार. लावा आता. …अहो ठेवा ना! …मीच ठेवते!