तीन सारख्या खोल्या

बेव: नाही. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझे पाय मोडलेत का?

हेस्टर: बेव, तू इथे कामाला आहेस.

बेव: कामाला नंतर लागले, तुझी नणंद आधी झाले. माझा भाऊ असता तर त्यानेही टाकलं नसतं. "मागच्या दोन खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून देत आहोत." एवढंच? घेताना त्या घरमालकिणीला चार पानं लिहिली होतीस.

हेस्टर: घेताना पटवायचं असतं. सोडताना नुसतं कळवायचं.

बेव: आणि ब्रायनीला?

हेस्टर: नऊला येईल. तोंडावर सांगेन. थेट उत्तरेतल्या डार्विन शहरातून थेरपिस्ट म्हणून बोलावून आणलीय पोरीला, तिच्या हातात कागद कसा ठेवू?

बेव: सतरा वर्षं एकटी लोकांची दुःखं ऐकत बसलीस त्या औषधाच्या दुकानामागच्या खोलीत. आत्ता कुठे तीन खोल्या झाल्या, बाहेर पाटी लागली. अख्ख्या पोर्ट लिंकन गावाने वाचून घेतली, कुणी काही बोललं नाही ते सोड. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत पाटी उतरवायची? घोडं कुठे पेंड खातंय ते तरी सांग.

हेस्टर: परसात जाऊन बघ.

बेव: बघितलं. खुर्ची आहे.

हेस्टर: माझी खुर्ची आहे.

बेव: तुझी तुझ्या खोलीत आहे, बाई. ती ब्रायनीच्या खोलीतली.

हेस्टर: अगदी तशीच आहे.

बेव: तशीच तर आहे! तीन खोल्यांत तीन सारख्या खुर्च्या, तीन सारखे दिवे, डोळे पुसायच्या कागदांचा डबा डाव्या हाताला, आणि भिंतीवर तोच आपल्या धक्क्याचा फोटो. पहिल्या दिवशी मी ब्रायनीला चहा द्यायला गेले आणि तिला हेस्टर म्हणून हाक मारली.

हेस्टर: लोकांना परकं वाटू नये म्हणून केलं ते. वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी सांगते, आता पुढे या दुसऱ्या थेरपिस्टकडे जा. त्याचा जीव घाबरतो, बेव. निदान खोली तरी ओळखीची असावी.

बेव: खोली ओळखीची, आणि वर पहिल्या तीन वेळेला तू स्वतः कोपऱ्यात हजर. तिसऱ्या खोलीतला रोवान चार महिन्यांत पळाला तो उगीच? जाताना मला म्हणाला, बेव, रोज सासूसमोर स्वयंपाक केल्यासारखं वाटतं.

हेस्टर: असं म्हणाला?

बेव: तुला सांगितलं नाही, कारण तू मनाला लावून घेतलं असतंस. त्याच्या खोलीसाठी व्हायला गावची ती थेरपिस्ट बाई दोनदा फोन करून दमली, तू हो म्हणत नाहीस, नाही म्हणत नाहीस. ब्रायनीकडे आठवड्याला अकरा तास रिकामे आहेत. तू माणसं देतेस कुठे? आणि वाट बघणाऱ्यांची यादी पुन्हा सहा महिन्यांवर गेलीय.

हेस्टर: यादीचं मला नको सांगूस.

बेव: सांगणार. विसरलीस, हे सगळं का मांडलं ते?

हेस्टर: विसरेन कशी?

बेव: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एकेकाला फोन करून विचारायचे, अजून यादीत राहायचंय का. एकदा त्या मुलाच्या आईने फोन उचलला. म्हणाली, माझ्या मुलाची जागा दुसऱ्या कुणाला द्या, त्याला आता नको. पोर वाट बघता बघता गेलं होतं, आणि वर माझे आभार मानले तिने. मी तुला सांगायला आले तर तुझं दार बंद, आत माणूस. पन्नास मिनिटं मी त्या दारासमोर उभी होते, हेस्टर. बसवलं नाही मला.

हेस्टर: त्याच संध्याकाळी मी ते चार पानी पत्र लिहिलं.

बेव: मग? आज पहिला सोमवार आहे. फोन करायला मीच बसणार आहे.

हेस्टर: यादी लांब असते तेव्हा माणसं थांबतात, बेव. पण विश्वास तुटला की परत येत नाहीत. मी ब्रायनीला माझा "गुरुवार अकरा" दिला होता, त्या वेळेला येणारा माणूस.

बेव: ते ठाऊक आहे. नाव घेऊ नकोस.

हेस्टर: सतरा वर्षांत घेतलं नाही कुणाचं, आता घेईन? सहा वर्षं तो माझ्याकडे येत होता. दर दुसऱ्या गुरुवारी, बोट बंदरात असेल तर. यायचा, फोटोकडे बघायचा आणि मला इंजिनाबद्दल सांगायचा. सहा वर्षं मी टूना मासे धरणाऱ्या बोटीचं इंजिन शिकले. समुद्रात गेलेल्या भावाचा विषय आला की घड्याळाकडे बघायचा. तरी यायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगते तसं त्यालाही सांगितलं होतं, बाहेर कुठे भेटलो तर मी ओळख देणार नाही, तुम्ही दिलीत तरच देईन. बेकरीत माझ्या मागे उभा असायचा आणि छताकडे बघायचा. कितीदा! छताला काय आहे तिथे?

बेव: पंखा आहे. बरं, मग?

हेस्टर: मग गुरुवारी, मी कोपऱ्यात नसण्याच्या पहिल्याच वेळेला, खिडकीतून बघते तर ब्रायनीची खोली रिकामी. खुर्ची परसात पडलेली, आणि ती दोघं भिंतीशी मासळीच्या रिकाम्या खोक्यांवर बसलेली. दार नाही, छप्पर नाही. आमच्या कामात बंद दार हेच अर्धं औषध असतं. मी पडदा ओढून घेतला. तो परत येणार नाही, बेव. आणि माझ्याकडेही आता कुठल्या तोंडाने येईल?

ब्रायनी: गुड मॉर्निंग. अरे... नंतर येऊ का मी?

बेव: ये ये. तुझंच चाललंय.

हेस्टर: बस, ब्रायनी. मी आडवळणाने बोलत नाही. मी मागच्या खोल्या सोडतेय. तू वाईट आहेस म्हणून नाही. मला हे जमत नाही म्हणून.

ब्रायनी: खुर्चीमुळे?

हेस्टर: खुर्ची बाहेर नेताना मला एका शब्दाने विचारलं असतंस तर...

ब्रायनी: मी नाही नेली.

हेस्टर: मग कुणी नेली?

ब्रायनी: त्यांनी. एवढं तुम्हाला सांगायची त्यांनी परवानगी दिलीय, म्हणून सांगते. बाकीचं त्यांचं आहे.

हेस्टर: सांग.

ब्रायनी: ते आत आले आणि उभेच राहिले. म्हणाले, इथे सगळं हेस्टरचं आहे, फक्त ती नाही. मेलेल्या माणसाच्या खोलीत आल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, मग काय करू या? त्यांनी थोडा विचार केला आणि खुर्ची उचलली. माझ्याकडून नव्हती उचलली गेली, हेस्टर. मी महिनाभर रोज ठरवत होते.

हेस्टर: मेलेल्या माणसाच्या.

ब्रायनी: तुम्हाला सांग म्हणाले. तिला राग येईल, पण सांग, म्हणाले.

हेस्टर: अगं, पण परसात! कुणी ऐकलं असतं म्हणजे?

ब्रायनी: मागचं फाटक बंद होतं. बाहेर बेव उभ्या होत्या.

हेस्टर: बेव?

बेव: काय करू? खुर्ची बाहेर येताना दिसली. म्हटलं, काहीतरी होतंय, कुणी मध्ये कडमडू नये. तासभर वारा खाल्ला, कान अजून दुखतोय. ऐकलं काही नाही, शपथ. त्या वाऱ्यात स्वतःचा खोकला ऐकू येत नव्हता.

हेस्टर: आणि मला आत्तापर्यंत बोलली नाहीस!

बेव: काय बोलायचं तेच कळेना. तो फाटकातून बाहेर पडला ना, तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं. बापाच्या खांद्यावर बसायचा तेव्हापासून बघतेय मी त्याला. त्याचा भाऊ गेल्यापासून तसं मोकळं तोंड मी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं ते तोंड भावाबरोबरच बुडालं. मी आपली "वारा फार आहे आज" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हेस्टर: दे ते पत्र.

बेव: हेस्टर, अगं ऐक...

हेस्टर: मी बेकरीत जातेय. टपालपेटी वाटेत आहे. कुणाला खिम्याची पास्टी हवी असेल तर सांगा.

(अर्ध्या तासाने हेस्टर परत येते. हात रिकामे.)

बेव: पास्टी कुठेत?

हेस्टर: राहिल्या.

बेव: आणि पत्र? टाकलंस? अगं, बोल की. रंग का उडालाय तुझा?

हेस्टर: पाणी दे आधी. नाही, राहू दे. बस. दोघी बसा. मी रांगेत उभी होते. पुढे सात-आठ माणसं, सगळी ओळखीची. दार उघडलं आणि मागे कुणीतरी आलं. ते बूट मला पाठमोरी ओळखता येतात, सहा वर्षं ऐकलेत. मी सवयीने काउंटरकडे बघायला लागले. आणि तो मागून म्हणाला, "काय हेस्टर, कशी आहेस?"

बेव: नाही!

हेस्टर: सगळ्यांसमोर. बोटीवर हाक मारतात तशा आवाजात. बेकरीवालीने चिमटा खाली ठेवला. मी वळले. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा होता, सोळा-सतराचा, बापाइतकाच उंच. मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं, बेव. सहा वर्षांत मला पिस्टन कळले, मुलाचं नाव कळलं नाही. तो मुलाला म्हणाला, "ही हेस्टर. तुझा काका गेल्यावर मी हिच्याकडे जायचो. आता हिच्याकडच्या ब्रायनीकडे जातो."

ब्रायनी: माझं नाव घेतलं?

हेस्टर: तुझं नाव घेतलं, पोरी. भर रांगेत. आणि पुढे उभी असलेली ती शाळेच्या कॅन्टीनमधली बाई वळून म्हणाली, "जागा आहे का हो तुमच्याकडे?" असं विचारलं जसं काही कापलेला पाव उरलाय का विचारतेय. या गावात! जिथे माणसं माझ्याकडे येताना गाडी दोन गल्ल्या सोडून लावतात.

बेव: मग तू काय म्हणालीस?

हेस्टर: म्हणतेय कसली? मुलाने हात पुढे केला, मी हात मिळवला आणि तशीच बाहेर आले. दोन चौक चालल्यावर लक्षात आलं की पास्टी घेतल्याच नाहीत.

ब्रायनी: हेस्टर, तुम्ही सहा वर्षं त्यांना धरून ठेवलंत म्हणूनच तर गुरुवारी...

हेस्टर: समजूत घालू नकोस माझी. मलाही येते ती घालता, सतरा वर्षं तेच करतेय. मला जरा थक्क होऊ दे. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्याशिवाय हे झालं. मी पडदा ओढून बसले होते आणि पडद्यापलीकडे हे होत होतं. केवढं मोठं आहे हे, बेव! मला वाटायचं, मी नसले की इथे काही होत नाही.

बेव: तुझ्या नवऱ्यालाही बोटीबद्दल हेच वाटायचं. बोट अजून चालतेय.

हेस्टर: चालतेय खरी. धरा दोघी, उठा. तिसऱ्या खोलीतली खुर्ची बाहेर काढू. दिवा, फोटो, सगळं. व्हायलाच्या त्या बाईला कळव, जागा आहे. येताना खुर्ची स्वतःची आण म्हणावं.

बेव: आणि पत्राचं काय?

हेस्टर: पर्समध्येच आहे, येताना टाकणार होते. चूल पेटवायला घे. आणि ब्रायनीचे ते अकरा तास लिहून यादी समोर ठेव, फोनला बस.

बेव: तेच विचारू ना, नेहमीचं? अजून यादीत राहायचंय का?

हेस्टर: नाही. कधी येता, ते विचार.